वाचकांचे प्रश्न : वायोमिंगची हरणं, सोडा आणि सातबारा

प्रश्न : अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातून गाडीने जाताना प्राँगहॉर्न हरणं बघितली. भन्नाट पळतात, पण साध्या तारेच्या कुंपणाशी येऊन थांबली. उडी का नाही मारत? (एक वाचक, सातारा)

उत्तर : हे दिसायला हरीण, पण कुळ वेगळंच, आज जिवंत असलेल्यांत याचे जवळचे नातेवाईक म्हणजे जिराफ आणि ओकापी. ताशी 85 किमीच्या वर पळतो, पण पिढ्यानपिढ्या उघड्या माळावर काढल्यामुळे उडी मारायची सवयच नाही, तो तारेखालून सरपटत जातो. मेंढ्यांसाठी जमिनीपर्यंत जाळी लावली असेल तर मग संपलंच, बर्फात कळपच्या कळप अडकून पडतात. म्हणून खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून 16 इंच तरी वर ठेवा असं तिथे सांगतात, खर्च फार नाही आणि जीव वाचतात, प्रत्येक रँचवाल्याने (गुरं-मेंढ्या पाळणाऱ्या मोठ्या जमीनदाराने) हे करायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानातले कळप थंडीत दक्षिणेला ग्रीन रिव्हरच्या खोऱ्यात उतरतात, वाटेत गॅसच्या विहिरी, रस्ते, घरं. 2008 मध्ये त्या वाटेचा जंगलातला भाग राखून ठेवला आणि 2012 मध्ये ट्रॅपर्स पॉइंटला हायवेवर खास प्राण्यांसाठी पूल बांधले. प्राँगहॉर्न पुलावरूनच जातात, रस्त्याखालचे बोगदे म्यूल डिअर या हरणांना चालतात, याला मात्र चारी बाजूंनी लांबवर दिसायला लागतं!

प्रश्न : वायोमिंगमध्ये टाटांची खाण आहे हे खरं का?

उत्तर : खरंय, टाटा केमिकल्सने 2008 मध्ये घेतली, ग्रीन रिव्हर गावाजवळ. निघतो तो ट्रोना नावाचा क्षार. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी तिथे मोठं तळं होतं, ते आटत गेलं आणि खाली हा क्षार साठला, जगातला सगळ्यात मोठा साठा. त्यापासून सोडा ॲश, आणि सोडा ॲशपासून काच आणि कपडे धुण्याची पावडर.

प्रश्न : तिथे जमीन ज्याची, खनिज त्याचंच ना?

उत्तर : बऱ्याचदा नाही. अमेरिकेच्या 1916 च्या कायद्याने गुरं पाळायला 640 एकरांपर्यंत जमीन दिली, पण खालची खनिजं केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवली. त्यामुळे वर गवत रँचवाल्याचं आणि खाली गॅस काढायचा हक्क कंपनीकडे, असं आजही असतं. 2005 पासून कंपनीला आधी नोटीस देऊन नुकसानभरपाईची बोलणी करावी लागतात, पण रँचवाला "नको" म्हणाला म्हणून ड्रिलिंग थांबत नाही.