ॲसिडिटी म्हणून घरी पाठवलं, निघाला हार्ट अटॅक

प्रश्न : डॉक्टर, आम्ही कोथरूडला राहतो. आई 64 वर्षांची, शुगर 12 वर्षांपासून. गौरीजेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पोटात वरच्या बाजूला जळजळायला लागलं, मळमळ, अंगाला दरदरून घाम. आधी ईनो दिलं, मग फॅमिली डॉक्टरांकडे नेलं आणि मीच म्हणालो की काल पुरणपोळी जास्त झाली, ॲसिडिटी झालीये. त्यांनी पोट दाबून बघितलं, इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या. संध्याकाळी उलटी झाली म्हणून एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेलो तर तिथे सकाळची चिठ्ठी बघून सलाईन लावलं आणि घरी पाठवलं. रात्री दोनला दम लागला तेव्हा दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये ईसीजी काढला, हार्ट अटॅक. अँजिओप्लास्टी झाली, आता बरी आहे. पण हे डॉक्टर 20 वर्षं आम्हाला बघतायत, बाबांचा न्यूमोनिया नुसता स्टेथोस्कोप लावून त्यांनीच पकडला होता. एवढा अनुभवी माणूस चुकतो कसा? हा हलगर्जीपणाच ना? डॉक्टर बदलायचे का?

उत्तर : आई घरी आल्या हे वाचून खूप बरं वाटलं. ईसीजी काढायला हवा होता, हे सरळच सांगतो. डायबेटिसमध्ये नसा बोथट होतात, त्यामुळे छातीत कळ न येताही अटॅक येऊ शकतो, आणि हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक तर पोटदुखी-उलटी-घाम असाच दिसतो बऱ्याचदा. वय, शुगर आणि घाम तिन्ही समोर होतं. म्हणजे चूक झाली.

पण ज्या सवयीने त्यांनी बाबांचा न्यूमोनिया पटकन ओळखला ना, त्याच सवयीने आईंचा अटॅक हुकला. हजारो पेशंट बघून डोक्यात साचे तयार होतात, दोन-तीन गोष्टी जुळल्या की उत्तर आपोआप समोर येतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. सणाचा आठवडा, दिवसभरात पाच-सहा जण पोट बिघडून आलेले, त्यात पेशंटचा मुलगाच सांगतोय पुरणपोळी जास्त झाली. उत्तर मिळालं की मेंदू शोध थांबवतो, मग घाम दिसतो पण तो उकाड्याच्या खात्यात जातो. अमेरिकेत 2005 साली निदान चुकलेल्या 100 केसेस तपासल्या होत्या, त्यातल्या 74 मध्ये विचार करण्यातली चूक होती, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा सापडलेली चूक हीच, पहिलं पटणारं निदान झालं की पुढचा विचार बंद. ज्ञान कमी पडल्याच्या केसेस त्यात फार थोड्या होत्या.

संध्याकाळी जे झालं त्याचा मला जास्त त्रास होतो. चिठ्ठीवर ॲसिडिटी लिहिलेलं होतं म्हणून दुसऱ्या डॉक्टरने पहिल्यापासून विचारच केला नाही. एकाचा अंदाज कागदावर उतरला की पुढच्यासाठी तो निकाल होतो.

हे माझ्याकडूनही झालंय. रेसिडेन्सीत असताना रात्री कॅज्युअल्टीत पोलिसांनी एकाला आणलं, तोंडाला दारूचा वास, बरळत होता. मी म्हटलं झोपू दे, सकाळी उतरेल. सिस्टरनी स्वतःहून ग्लुकोमीटर लावला, साखर 34, म्हणजे धोकादायक कमी. ग्लुकोज दिल्यावर पाच मिनिटांत तो उठून बसला आणि बायकोला कळवा म्हणाला. सिस्टर नसत्या तर सकाळी तो उठला असता का, मला माहीत नाही. त्या रात्रीनंतर दारूचा वास आला की मी आधी साखर बघतो.

आणि हे उलट्या बाजूनेही होतं. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडू शकतात असा आजार) पेशंट निघाले तेव्हा पुढचे दोन महिने पायाला जरा मुंग्या आल्या की पेशंटलाही आणि आम्हालाही आधी जीबीएसच आठवायचा, मग तो बी-12 कमी असलेला शाकाहारी माणूस का असेना.

तुम्ही ॲसिडिटी म्हणालात याचं ओझं घेऊ नका, विचारायचं काम डॉक्टरचं होतं. फक्त पुढच्या वेळी निदान न सांगता काय होतंय ते सांगा, कधी सुरू झालं, घाम आला का, आधी असं कधी झालं होतं का. आणि बिनधास्त विचारा, "डॉक्टर, हे दुसरं काही असू शकतं का?" या एका प्रश्नाने कितीदा माझा हात पेन खाली ठेवून परत स्टेथोस्कोपकडे गेलाय. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी त्रास चालूच असेल तर परत काढायला सांगा, ट्रोपोनिनची ब्लड टेस्टही विचारा (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते त्यात कळतं), कारण सुरुवातीला ईसीजीत काही न दिसणं अगदी शक्य आहे.

डॉक्टर बदलायचे का? माझं मत विचाराल तर एकदा त्यांना भेटून मग ठरवा. आमच्या धंद्यात एक मोठी अडचण आहे, ज्याचं निदान चुकलं तो पेशंट दुसरीकडे जातो आणि चुकलेल्याला कधी कळतच नाही, तो समजतो बरा झाला असेल. तुमच्या डॉक्टरांना कदाचित आजही वाटत असेल की गोळ्या लागू पडल्या. संध्याकाळची ओपीडी संपत आली की जा, डिस्चार्ज कार्ड आणि रात्रीचा ईसीजी दोन्ही घेऊन, आणि त्यांच्या टेबलावर ठेवा. ते कागद हातात घेऊन वाचतात की समजुती घालायला लागतात, ते बघा. तुमचं उत्तर तिथेच मिळेल.