नेमकी नस कोणती, ते आधी ठरवा
कमरेतून पायात उतरणाऱ्या जुनाट दुखण्यावर ‘पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सी’ : वाचकांचे प्रश्न, वेदनाचिकित्सकांची उत्तरं

प्रश्न : माझं वय ५२, शिक्षिका आहे. वर्षाहून अधिक काळ डाव्या कुल्ल्यापासून नडगीच्या बाहेरच्या बाजूने पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाते. वर्गात दहा मिनिटं उभं राहिलं तरी पायात मुंग्या येतात. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून एल-५ (कमरेच्या पाचव्या मणक्याखालून बाहेर पडणारी) नस दबल्याचं दिसतं. गोळ्या, फिजिओथेरपी, सगळं झालं. नसेजवळ दिलेल्या इंजेक्शनाने दोन महिने बरं होतं, मग पुन्हा तेच. आता डॉक्टर ‘पल्स्ड आरएफ’ (रेडिओफ्रिक्वेन्सी) सुचवतात. म्हणजे नस जाळणार का? पाय लुळा पडला तर? (सांगली)

उत्तर : नस जाळत नाहीत. ही भीती जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असते, कारण ‘रेडिओफ्रिक्वेन्सी’ या एकाच नावाखाली दोन वेगळे उपचार चालतात. जुन्या पद्धतीत सुईच्या टोकाचं तापमान ८० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन ते ६० ते ९० सेकंद टिकवतात आणि बारीक नस तेवढ्यापुरती निकामी करतात. पल्स्ड पद्धतीत वीज सलग जात नाही. दर सेकंदाला २० मिलिसेकंदांचे दोन ठोके, मध्ये ४८० मिलिसेकंदांची विश्रांती. त्या विश्रांतीत उष्णता निघून जाते आणि टोक ४२ अंशांच्या वर जात नाही. दोन मिनिटांच्या एका फेरीत असे २४० ठोके होतात, म्हणजे प्रत्यक्ष वीज वाहते ती जेमतेम ४.८ सेकंद. नेदरलँड्समधले भूलतज्ज्ञ मेनो स्लाइटर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली ही पद्धत मांडली. टोकाभोवतीच्या तीव्र विद्युतक्षेत्रामुळे वेदना वाहणाऱ्या पेशींचं वागणं बदलतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पायाची ताकद सांभाळणारे तंतू शाबूत राहतात, म्हणूनच तुमच्यासारख्या दुखण्यात हीच पद्धत वापरायची. एल-५ ची मुख्य नस ८० अंशांवर तापवणं म्हणजे पायाच्या ताकदीशी खेळ, ते कोणी करू नये.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, म्हणजे टेबलावर झोपल्यावर काही अनपेक्षित वाटणार नाही.

तुम्हाला पालथं झोपवून पोटाखाली उशी देतात. त्याने कमरेचा बाक कमी होतो आणि मणक्यांमधल्या वाटा उघडतात. मांडीला किंवा पोटरीला एक मोठा चिकट पॅड लावतात, वीज परत जाण्याची ती वाट. तिथली कातडी कोरडी हवी आणि पॅड पूर्ण चिकटलेला हवा, अर्धवट सुटलेल्या पॅडखाली कातडी भाजू शकते. मग सी-आर्म (चालू चित्र दाखवणारं, फिरवता येणारं एक्स-रे यंत्र) तिरकं करून नस बाहेर पडते ते छिद्र समोर आणतात. इथे एक गोष्ट आधीच समजून घ्या, म्हणजे ‘चुकीच्या जागी टोचलं’ असं वाटणार नाही. तुमची नस दबते चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, पण सुई जाते त्याच्या एक घर खाली, पाचव्या मणक्याच्या खालच्या छिद्रात. एल-५ नस तिथून बाहेर पडते आणि संवेदना गोळा करणाऱ्या पेशींची तिची गाठही तिथेच असते. लक्ष्य ती गाठ आहे, सरकलेली गादी नव्हे.

कातडीला बधिर करणारं लिग्नोकेन देऊन साधारण १० सेंटिमीटर लांबीची, २२ किंवा २० गेजची सुई घालतात (शरीर जाड असेल तर १५ सेंटिमीटरची). सुईला सगळीकडे विद्युतरोधक आवरण असतं, उघडं असतं फक्त टोकाचं ५ किंवा १० मिलिमीटर. बाजूच्या एक्स-रेत टोक छिद्राच्या वरच्या-मागच्या भागात दिसायला हवं. पाचव्या मणक्याच्या खाली कटीच्या हाडाचा कंगोरा आडवा येतो, त्यामुळे याच पातळीवर सर्वांत जास्त वेळ जातो. वेळ लागला म्हणून घाबरू नका.

यानंतरचा भाग तुमच्यावर अवलंबून आहे. सुईतून ५० हर्ट्झची हलकी वीज शून्यापासून वाढवत नेतात आणि विचारतात, कुठे जाणवतंय? रोजची कळ जाते त्याच वाटेने, अंगठ्यापर्यंत, मुंग्या आल्या पाहिजेत, आणि त्याही साधारण ०.३ ते ०.५ व्होल्टच्या दरम्यान. जास्त व्होल्टेज लागलं तर टोक लांब आहे. ०.२ लाच झटका बसला तर ते नसेत शिरलं असण्याची शक्यता, सुई थोडी मागे घ्यायची. मांडीच्या पुढच्या बाजूला जाणवलं तर नसच दुसरी. मग २ हर्ट्झवर स्नायूंची चाचणी होते. संवेदना ज्या व्होल्टेजला आली त्याच्या दीड ते दुप्पट होईपर्यंत पाय उडता कामा नये. त्याआधीच उडाला तर टोक स्नायूंच्या तंतूंजवळ आहे आणि जागा बदलावी लागते.

म्हणून ही प्रक्रिया पूर्ण झोपवून करू नये. ‘काहीच कळायला नको, गाढ भूल द्या’ असा आग्रह नातेवाईक धरतात, पण त्याने सुरक्षेची मुख्य खूण हातची जाते. त्याच कारणाने खोलवर बधिर करणारं औषधही या चाचणीच्या आधी देत नाहीत. दुखलं तर सांगा, हालू नका, आणि संवेदना नेमकी कुठे येते ते प्रामाणिकपणे सांगा. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून ‘हो, तिथेच’ म्हणू नका.

जागा पक्की झाली की ४५ व्होल्टवर दोन मिनिटांच्या दोन ते चार फेऱ्या. पाय तालात किंचित फडफडतो, जळत नाही. सुईभोवती विजेला होणारा अडथळा यंत्र जास्त दाखवत असेल तर अर्धा मिलिलिटर सलाइन सोडतात, तो उतरतो. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास, मग एक-दोन तास निरीक्षण, पायाची ताकद तपासून घरी. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत कोणीतरी हवं.

इंजेक्शनाने तुम्हाला दोन महिने आराम पडला, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. नस बरोबर ओळखली गेल्याची ती मोठी खूण.

प्रश्न : एमआरआयमध्ये तीन गाद्या ‘बल्ज’ लिहिल्या आहेत. एका ठिकाणी सांगितलं, तिन्ही ठिकाणी आरएफ करून टाकू. करावं का? वय ५५, यंत्रमागावर काम. (इचलकरंजी)

उत्तर : नाही. रिपोर्टवर सुई मारायची नसते. पन्नाशीतल्या, कंबर कधीच न दुखलेल्या माणसांचे एमआरआय काढले तरी सुमारे ६० टक्के जणांत गादी फुगलेली दिसते. तुमचं दुखणं कुठल्या नसेचं, हे आधी पाय सांगतो. मांडीच्या पुढून गुडघ्याखाली आतल्या बाजूला उतरत असेल आणि गुडघ्याचा झटका (हातोडीने ठोकल्यावर पाय उडतो तो) मंद असेल तर एल-४, म्हणजे चौथ्या मणक्याखालची नस. नडगीची बाहेरची बाजू, पावलाची वरची बाजू, अंगठा वर उचलायला जड, तर एल-५. पोटरी, तळवा, करंगळी, चवड्यावर उभं राहता येत नाही, टाचेचा झटका गेलेला, तर एस-१, म्हणजे एल-५ च्या खालची नस. ही तपासणी दहा मिनिटांची आहे. ती न करता कोणी थेट तारीख देत असेल तर दुसरं मत घ्या.

त्यानंतर संशय असलेल्या एकाच नसेजवळ अर्धा ते एक मिलिलिटर लिग्नोकेन देऊन पाहतात. प्रमाण मुद्दाम कमी ठेवायचं. तीन-चार मिलिलिटर सोडलं की औषध शेजारच्या नसेपर्यंत पसरतं आणि चाचणीचा अर्थच जातो. इंजेक्शनानंतर पडून राहू नका. ज्याने दुखतं तेच करा : चाला, खुर्चीत बसा, जिना चढा, आणि दर अर्ध्या तासाला दहापैकी किती दुखतंय ते कागदावर लिहा. औषधाचा अंमल असेपर्यंत दुखणं निम्म्याहून कमी झालं तर ती नस पक्की समजायची. फरक पडला नाही तर त्या जागी आरएफ करण्यात अर्थ नाही. पल्स्ड आरएफ ‘फुकट गेली’ अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा ही गाळलेली पायरी असते, असं आमचं ठाम मत आहे. तीन ठिकाणी एकदम केल्यावर आराम पडला तरी कशाने पडला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींचा खर्च.

प्रश्न : आईचं (वय ६८) दुखणं कमरेतच राहतं, फार तर कुल्ल्यापर्यंत. मागे वाकलं की वाढतं. तिला मात्र ‘८० अंशांची आरएफ’ सांगितली आहे. तुम्ही लिहिता जाळायचं नाही. मग? (नाशिक)

उत्तर : तिचं वर्णन मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांकडे बोट दाखवतं. त्या सांध्यांच्या संवेदना नेणाऱ्या नसा अगदी बारीक असतात आणि पायाच्या ताकदीशी त्यांचा संबंध नसतो, त्यामुळे त्या तापवता येतात. इथे उलट पल्स्ड पद्धत कमी पडते, ८० अंशांच्या उपचाराचा आराम जास्त टिकतो. प्रत्येक सांध्याला दोन नसा पुरवठा करतात, दोन्ही कराव्या लागतात. नस काही महिन्यांनी, बऱ्याचदा सहा महिने ते वर्षाने, पुन्हा वाढते आणि दुखणं परतू शकतं. चाचणीचं इंजेक्शन आधी हवंच, तो नियम इथेही सुटत नाही.

प्रश्न : वय ६१. मधुमेह आहे, सात महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला. क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन चालू आहे. आरएफसाठी गोळ्या आठवडाभर बंद करायला सांगितल्या. करू का? (ठाणे)

उत्तर : हृदयविकारतज्ज्ञांनी लेखी होकार दिल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. या रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या आहेत. मणक्याजवळच्या सुईसाठी क्लोपिडोग्रेल साधारण सात दिवस आधी थांबवतात, तशाच कामाची वॉरफरिन पाच दिवस आधी थांबवून आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) तपासतात. हे नियम बरोबर आहेत, पण ते स्टेंटची वेळ विचारत नाहीत. सात महिन्यांत गोळी तोडली आणि स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतेल. कमरेची ही प्रक्रिया तातडीची नसते, थांबता येतं. अपवाद खालच्या चौकटीतला.

पल्स्ड आरएफने साखर वाढत नाही. पण त्याच सुईतून शेवटी स्टेरॉइड सोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि त्याने काही दिवस साखर चढते. ‘स्टेरॉइड देणार का, किती?’ हे आधी विचारा, आणि दिलं तर आठवडाभर घरी साखर मोजा. पेसमेकर असेल तर तेही बुकिंगच्या वेळीच सांगा, ऐन टेबलावर नको. यंत्रातली वीज त्याच्या कामात लुडबूड करू शकते, पूर्वतयारी लागते.

> थांबू नका : लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद जाणं, पाऊल एकाएकी लटकं पडणं. यांपैकी काहीही झालं तर आरएफचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी मणक्याच्या शल्यचिकित्सकांकडे जा. इथे तासांनाही किंमत असते.

प्रश्न : पल्स्ड आरएफ होऊन आठ दिवस झाले. दुखणं कमी होण्याऐवजी थोडं वाढलंच आहे. फसलं का? प्रेगाबालिन ७५ दोन वेळा घेतो, ती बंद करून टाकू का? (पुणे)

उत्तर : आठव्या दिवशी निकाल लावू नका. सुईच्या जागेचा ठणका आणि नसेची चिडचिड एक-दोन आठवडे राहू शकते. आराम हळूहळू येतो, दोन ते चार आठवडे धरा, आणि सहा आठवड्यांनी खरा हिशेब करा. त्या वेळी ‘बरं आहे’ एवढं सांगू नका. किती मिनिटं बसता येतं, किती चालता येतं, रात्री कितीदा जाग येते ते सांगा. दुखणं निम्म्याने उतरलं तर उपचार यशस्वी. शून्यावर येईल अशी अपेक्षा कोणी दिली असेल तर ती चुकीची आहे.

ताप, सुईच्या जागी वाढती लाली किंवा पू, पायात नवी कमजोरी आली तर मात्र लगेच दाखवा.

प्रेगाबालिन (नसेच्या दुखण्यावरची गोळी) एकदम सोडू नका. झोप उडते, घाम येतो, अस्वस्थता वाढते, आणि मग ते सगळं आरएफच्या माथी मारलं जातं. आराम दिसू लागल्यावर डॉक्टरांना विचारून निदान आठवडाभरात टप्प्याटप्प्याने उतरवा. चक्कर किंवा पायावर सूज आणत असेल तर तेही सांगा. सायटिकासाठी, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्यासाठी, ही गोळी खूप लिहिली जाते, पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत ती सायटिकाच्या दुखण्यावर बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नव्हती. फायदा नसेल तर वर्षानुवर्षं चालू ठेवायचं कारण नाही.

पहिले दोन आठवडे जड बादल्या, सिलिंडर, वाकून उचलणं टाळा. सपाटीवर चालणं दुसऱ्या दिवसापासून सुरू करा. आराम पडू लागला की फिजिओथेरपी वाढवा, कारण पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंची ताकद परत मिळवण्याची हीच वेळ. ती वाया घालवून नुसतं ‘दुखत नाही’ म्हणून बसणाऱ्यांचं दुखणं लवकर परततं.

प्रश्न : आराम किती टिकतो? पुन्हा करता येते का? मेडिक्लेम मिळतो का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ज्यांना लागू पडते त्यांना साधारण तीन ते सहा महिने, काहींना वर्षभर. कमरेच्या नसांवर झालेले अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. मानेतल्या नसेच्या दुखण्यासाठी पुरावा त्यामानाने बरा आहे. म्हणून दुखण्याला तीन महिनेही झाले नसतील तर आधी ते आपोआप उतरण्याला वेळ द्या, गादी सरकून झालेली सायटिका बऱ्याच जणांत सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. नस जळत नसल्यामुळे पल्स्ड आरएफ पुन्हा करता येते. पण पहिल्या वेळी निम्माही फरक पडला नसेल तर तीच गोष्ट त्याच जागी पुन्हा करू नका. आधी निदान तपासा : कुल्ल्याचा सांधा, माकडहाडाजवळचा सांधा, पायाच्या रक्तवाहिन्या, मधुमेहाने बिघडलेल्या नसा. यांतलं काही सायटिकाचं सोंग घेऊन बसलेलं असू शकतं.

मेडिक्लेमचं उत्तर पॉलिसीगणिक बदलतं. ही प्रक्रिया ‘डे-केअर’, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडण्याची, असल्याने कंपनीकडून पूर्वमंजुरी लेखी घ्या. अर्जात ‘इंजेक्शन’ असं मोघम न लिहिता प्रक्रियेचं पूर्ण नाव, नसेची पातळी आणि बाजू लिहून मागा. डिस्चार्ज कार्डावरही तेच हवं, सोबत संवेदना किती व्होल्टला आली, किती फेऱ्या दिल्या आणि सुई जागेवर असतानाचे दोन एक्स-रे. पुढच्या वेळी डॉक्टर बदलले तरी त्या कागदावरून त्यांना काम पुढे नेता येतं.