स्कूटर बोंबलते पण पळत नाही, बेल्ट बदलू का?

प्रश्न : दादा, नमस्कार. मी रोज स्कूटरने कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला जाते. हल्ली कापूरबावडीच्या फ्लायओव्हरवर रेस दिली की इंजिन नुसतं बोंबलतं, स्पीड काही वाढत नाही. गॅरेजवाला म्हणतो बेल्ट बदला. भाऊ म्हणतो गिअरलेस गाड्या अशाच असतात, त्याची सीव्हीटी, म्हणजे पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरची, कारपण असाच आवाज करते. मुळात गिअरच नाहीत तर आत बदलतं काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, भावाचं कारबद्दल खरं असेल, पण तुमच्या स्कूटरबद्दल मी गॅरेजवाल्याच्या बाजूने आहे.

आत दोन पुली असतात, एक इंजिनला, एक मागच्या चाकाकडे. प्रत्येक पुली म्हणजे दोन बशा बुडाला बूड लावून ठेवल्यासारख्या, मधल्या खाचेत रबरी बेल्ट. बशा जवळ आल्या की बेल्ट वर कडेला सरकतो, लांब गेल्या की आत दांड्याजवळ उतरतो. सुरुवातीला पुढे बेल्ट खाली आणि मागे वर, म्हणजे आपला पहिला गिअर. रेस वाढली की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर फेकले जातात आणि बशीला ढकलतात, बेल्ट पुढे वर चढतो, आता त्याची लांबी तर तेवढीच, मग तो मागच्या पुलीतली स्प्रिंग दाबून तिथे आत उतरतो. असे पायऱ्या नसलेले गिअर पडत जातात. चढ आला की मागच्या पुलीतल्या तिरक्या खाचा लोडमुळे तिच्या बशा परत जवळ आणतात आणि गिअर आपोआप खाली येतो, हे मला सगळ्यात हुशारीचं काम वाटतं.

म्हणून चढावर आवाज वाढणं ठीकच आहे. आवाज एका पट्टीत राहून स्पीड वाढत असेल तर काळजी नको, सीव्हीटी तशीच चालते. पण आवाज चढतोय, काटा हलत नाही आणि हे आधी होत नव्हतं, तर बहुतेक बेल्ट घसरतोय नाहीतर रोलर अडकतायत.

कव्हर उघडतील तेव्हा समोर उभं राहा. रोलर हातात घ्या, गोल हवा, एका बाजूने चपटा झाला असेल तर तो पुलीच्या आतल्या उतारावर नीट सरकत नाही. बेल्टच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्यात का, बेल्ट मुडपून बघितल्यावर दातांच्या मुळाशी चिरा दिसतायत का, रुंदी कंपनीने दिलेल्या मापापेक्षा कमी आहे का, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावायला सांगा, लाजायचं नाही. बेल्टसोबत रोलरपण गेले असतील तर दोन्ही एकदमच बदला, नाहीतर परत तेच कव्हर खोलायची मजुरी. आणि पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर बेल्टच्या केसमध्ये पाणी जाऊ शकतं, ओला बेल्टही घसरतो, तेव्हा आधी ते विचारून घ्या.

भावाच्या कारचं गणित जरा वेगळं. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये कारमध्ये रबरी बेल्टच लावले होते, आताच्या बहुतेक सीव्हीटी कारमध्ये पातळ स्टीलच्या शेकडो पत्र्या स्टीलच्या पट्ट्यांवर ओवलेल्या असतात आणि तो बेल्ट ओढत नाही, चक्क ढकलतो. पुली दाबायचं काम तिथे ऑइलच्या प्रेशरने होतं, म्हणून त्यात सीव्हीटीचंच ऑइल पडलं पाहिजे, दुसरं चालत नाही. आणि कधी बंद पडली तर दोरी बांधून ओढत नेऊ नका म्हणावं, गाडी अख्खी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक बोलवा.