आजोबांना बोलतं कसं करावं?

प्रश्न : ताई, आमचे आजोबा तमाशाच्या फडात ढोलकीवर असायचे. आता वय ८१. मोबाइल समोर ठेवून मुलाखत घ्यायला बसलो की "चाललं होतं बरं" यापुढे गाडी सरकत नाही. त्यांच्या वादनाची एक जुनी कॅसेट घरात आहे, ती लावू का?
– एक नातू, संगमनेर

उत्तर : तुम्ही विचारलंत काय, ते लिहिलं नाहीत. बहुधा "तुमच्या जीवनप्रवासाविषयी सांगा." रेडिओसाठी मी वर्षानुवर्षं कलावंतांच्या मुलाखती घेतल्या; जीवनप्रवास म्हटलं की भला बोलका शाहीरही सत्काराला उत्तर द्यायला उभा राहतो.

पैशापासून सुरू करा. उचल किती मिळायची, कुणाच्या हातून? फिटली नाही तर फड सोडता यायचा का? पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, जत्रांच्या सुपाऱ्या, म्हणजे खेळांचे करार, ठरतात. तिथे गावकारभारी आणि फडमालक घासाघीस करत असताना वादक काय करायचे? व्यवहार निघाला की नावं-गावं आपोआप येतात. बुडालेला पैसा तर कुणीच विसरत नाही!

मग ढोलकी मांडीवर द्या. वाजवा म्हणू नका. शाई, म्हणजे चामड्यावरचा काळा लेप, चाचपतील, एखादी थाप मारतील, "उतरलीय" म्हणतील. तिथून विचारा : सुरुवातीच्या गणाला, म्हणजे गणपतीच्या स्तवनाला, हात कसा, लावणीला कसा? हे तोंडाने सांगता येत नाही, म्हणून फोन हातांवर धरा. पंखा बंद. ते थांबले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, उरलेलं वाक्य बऱ्याचदा मागाहून येतं.

विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हे घरोघरी माहीत आहे. मला मात्र नेहमी वाटतं, तेवढा वेळ पब्लिक कुणी धरून ठेवलं असेल? आजोबांना हेच विचारा. नाचणारीची तयारी झाली नाही, सोंगाड्या पिऊन पडला, तेव्हा नुसत्या ढोलकीवर किती वेळ काढलात?

कॅसेट एकदम लावू नका. आतल्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर जुन्या फिती डिजिटल करून देणाऱ्याकडेच न्या. साफ असेल तर पाठीमागच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या मोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा आणि पहिल्यांदा वाजवतानाच उतरवून घ्या, डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबणाऱ्या फाइलमध्ये; एमपी३ नंतर करता येते. मग ती आजोबांना ऐकवा आणि ते ऐकत असताना दुसरा फोन चालू ठेवा. "तुणतुण्यावर कोण?" एवढा एक प्रश्न पुरेल.

भांडणं, उधाऱ्या, लफडी निघतील. हयात माणसांची नावं आली म्हणून मूळ रेकॉर्डिंग कापू नका. बाहेर द्यायची प्रत वेगळी करा आणि काय वगळायचं ते आजोबांनाच ठरवू द्या.