मतदाराला विचारायला निघण्याआधी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

लोकसभेच्या तोंडावर एका मतदारसंघाचा कौल जोखायचं काम तुझ्याकडे आलंय आणि "आधी कोणाला भेटू?" असं तू विचारलंयस. पहिला आठवडा कोणालाच भेटू नकोस. आमदाराला नको, तालुकाध्यक्षाला नको, आणि दर निवडणुकीत ज्याचं मत कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर झळकतं त्या नाक्यावरच्या चहावाल्याला तर नकोच. आधी नमुना २० उतरवून घे.

नमुना २० हे मतमोजणीनंतरचं अंतिम निकालपत्रक. कुठल्या मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मतं आणि 'नोटा'ला किती, हे त्यात केंद्रनिहाय असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ते विधानसभेप्रमाणे मिळतं. महाराष्ट्रात एका लोकसभेत सहा विधानसभा, म्हणजे सहा फायली आणि साधारण दोन हजार ओळी. बऱ्याच फायली नुसत्या स्कॅन करून टाकलेल्या असतात, आकडे हातानेच भरावे लागतात. भरताना प्रत्येक पानाची बेरीज तळाच्या आकड्याशी ताडून बघ, कारण पुसट छपाईत ३ चा ८ सहज होतो. टपाली मतं शेवटी वेगळी दिलेली असतात, ती केंद्रांत मिसळू नकोस. आणि दोन निवडणुकांची तुलना केंद्राच्या क्रमांकावरून कधीच करू नकोस. क्रमांक बदलतात. एका केंद्रावर जास्तीत जास्त १,५०० मतदार असत, ती मर्यादा आयोगाने २०२५ मध्ये १,२०० वर आणली, त्यामुळे शहरांत एकेका शाळेतली केंद्रं फुटली. गाव आणि शाळेचं नाव धरून जुळव. एका इमारतीतली सगळी केंद्रं एकत्र करून तुलना केलीस तर फसगत कमी होते.

एवढी हमाली कशासाठी, तर धुळ्याचा २०२४ चा निकाल बघ. सहापैकी पाच विधानसभांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि त्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या. पाच विधानसभा फिरून कोणी अंदाज लिहिला असता, तर त्याचं प्रत्येक निरीक्षण खरं ठरलं असतं आणि निष्कर्ष मात्र सपशेल खोटा.

आता पक्षांचं. आपल्याकडची जुनी आकडेवारी वाचणं हे २०२२-२३ च्या फुटींनंतर फार निसरडं झालंय. २०१९ च्या लोकसभेत शिवसेनेच्या उमेदवाराला पडलेली मतं शिवसेनेची नव्हेत, युतीची आहेत, त्यात भाजपचा वाटा आहे. ती उचलून आजच्या धनुष्यबाणाच्या किंवा मशालीच्या खात्यावर टाकता येत नाहीत. मग कोणाची मूळ ताकद किती, हे कुठे दिसतं? ऑक्टोबर २०१४ च्या विधानसभेत. त्या वेळी भाजप, शिवसेना, काँग्रेस आणि राष्ट्रवादी चौघेही वेगवेगळे लढले होते. तो तक्ता जुना असला तरी पाया म्हणून ठेव, आणि त्याच्या शेजारी २०१७ च्या जिल्हा परिषदेचे गट मांड, कारण तेव्हाही बहुतेक ठिकाणी युती-आघाडी नव्हती. त्यानंतरचं सगळं मिसळलेलं आहे.

दुसरी गोष्ट, वरची भांडणं आणि खालची भांडणं एक नसतात. मुंबईत दोन नेत्यांनी गळ्यात गळे घातले म्हणून तालुक्यातले दोन गट एकत्र येत नाहीत. त्यांचं वैर साखर कारखान्याच्या निवडणुकीतलं असतं, बाजार समितीतलं असतं, पाण्याच्या आवर्तनावरून असतं. वरून युती, खालून कुस्ती. हे मोजायचं कसं? प्रत्येक विधानसभेत तीन गोष्टी विचार. मागच्या विधानसभेला ज्याचं तिकीट कापलं तो सध्या कुणाच्या व्यासपीठावर दिसतो? मित्रपक्षाच्या उमेदवारासाठी बूथवर बसायला माणसं कोण देणार? आणि मित्रपक्षाच्या सभेला गाड्या कुणी लावल्या? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत खरं येतं. "आम्ही आघाडीचा धर्म पाळणार" हे वाक्य वहीत उतरवूच नकोस, कागद वाया जातो. सांगलीत २०२४ ला जागा उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडे गेली. काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि एक लाखाहून जास्त मताधिक्याने आले. आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला. या तीन प्रश्नांची उत्तरं तिथे महिनाभर आधीपासून उघडी पडलेली होती.

आता माणसं निवडणं. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत वरवरचं उचललं तर भात कच्चा की करपलेला ते कळत नाही. सगळी केंद्रं आधी विधानसभेप्रमाणे लाव, मग प्रत्येक विधानसभेत मागच्या विजेत्याच्या मतटक्क्याप्रमाणे उतरत्या क्रमाने. मग दर शंभरावं केंद्र उचल. दोन हजारांतून वीस केंद्रं मिळतील आणि बालेकिल्ला, काठावरचं, विरोधातलं असं सगळं त्यात आपोआप येईल. त्या वीस केंद्रांच्या मतदार याद्या उतरवून घे. यादीत १,२०० नावं असतील तर ३० नावं काढायची, म्हणजे दर चाळिसावं. सुरुवातीचा आकडा चिठ्ठी टाकून ठरव. १७ आला तर १७, ५७, ९७ असं पुढे. तीसपैकी वीस भेटले तरी पुष्कळ. तीनशे मतदारांचा पाडा आणि बाराशेचं शहरी केंद्र यांतून सारखीच वीस माणसं घेतलीस तर शेवटी बेरीज करताना मतदारसंख्येप्रमाणे वजन लावायला विसरू नकोस.

यादीतला माणूस घरी नसेल तर संध्याकाळी परत जा. त्याच्याऐवजी शेजारचा, बोलका, ओट्यावर बसलेला माणूस घेणं हीच बहुतेक पाहण्यांची दुखरी नस आहे. बोलक्या माणसाचं मत आणि गप्प माणसाचं मत वेगळं असतं, आणि गप्प माणसं जास्त असतात. नाव गळालं तर कारण लिही: मयत, स्थलांतरित, लग्न होऊन गेली, नकार. बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोडीला गेलेली घरं मार्च-एप्रिलपर्यंत बंद असतात. कोकणात यादीतला माणूस मुंबईत असतो आणि मतदानाला येईलही. "घर बंद" एवढंच लिहून पुढे गेलास तर हा फरक हरवतो. शेजाऱ्याला विचारून घे: मागच्या मतदानाला आले होते का?

बायकांची मतं हा वेगळा अभ्यास आहे. दुपारी बारा ते तीन जा, स्वयंपाक उरकलेला असतो आणि पुरुष बाहेर असतात. नवरा मध्ये बोलायला लागला की त्याला एक वेगळा कागद दे आणि "तुमचंही मत हवंय, हे भरा" म्हण. तो त्यात गुंततो. शक्य असेल तिथे सोबत मुलगी ने.

विचारण्याचा क्रम बदलू नकोस. पहिल्यांदा साधं: पाणी, भाव, रस्ता, मुलांची नोकरी. मग मागच्या लोकसभेला मतदान केलं होतं का आणि कुणाला. मग यंदाचं मत. "कुणाला देणार?" असं तोंडी विचारायचंच नाही. मतपत्रिकेसारखा कागद छाप, त्यावर पक्षाचं नाव आणि चिन्ह, शेवटी 'नोटा' आणि 'ठरलं नाही'. उमेदवार जाहीर झाले की नावं टाक आणि क्रम यंत्रावरच्यासारखाच ठेव: आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, मग अपक्ष. मतदाराने खूण करून घडी घालायची आणि कुलूप लावलेल्या डब्यात टाकायची. तू तोंड फिरवून उभा राहा. कागदामागे फक्त मुलाखतीचा क्रमांक असू दे. लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या पाहण्यांत अशीच नकली मतपेटी वापरतात. तोंडी आणि पेटीतल्या उत्तरांत फरक पडतो, विशेषतः जिथे सरपंच, कारखाना किंवा सावकार एकाच बाजूचे असतात तिथे.

कागदावर 'शिंदे गट', 'ठाकरे गट', 'खरी शिवसेना' असलं काही छापू नकोस. त्यातून तुझा कल कळतो आणि समोरचा त्याप्रमाणे उत्तर बदलतो. आयोगाने दिलेलं अधिकृत नाव आणि चिन्ह, बस्स. आणि चिन्ह खरोखर ओळखू येतंय का, ते जरूर तपास. २०२४ ला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस, आणि बऱ्याच ठिकाणी अपक्षांना नुसती तुतारी मिळाली होती. दिंडोरीत नावही जुळणाऱ्या अशा एका अपक्षाला एक लाखाहून जास्त मतं पडली. तिथे पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे तरीही निवडून आले. साताऱ्यात मात्र पवारांच्या पक्षाविरुद्ध भाजपचे उदयनराजे ३२,७७१ मतांनी जिंकले आणि तुतारीवाल्या अपक्षाला त्याहून जास्त मतं होती. ती सगळी चुकूनच पडली असं सिद्ध करता येत नाही. पण मतदाराच्या मनातलं मत आणि बटणावरचं मत यांत अंतर पडू शकतं, एवढं धरून चाल. म्हणून वीसपैकी पाच जणांना खूण झाल्यावर विचार: तुमच्या पक्षाचं चिन्ह यातलं कुठलं?

"बघू", "अजून ठरलं नाही", "आपलं काय, सगळे सारखेच" ही तीन वेगळी उत्तरं आहेत. पहिलं बहुधा ठरलेलं पण न सांगण्यासारखं, दुसरं खरंच न ठरलेलं, तिसरा कदाचित मतदानाला जाणारच नाही. एका रकान्यात कोंबू नकोस. जातीचा प्रश्न सगळ्यांत शेवटी, आणि नाही सांगितली तर आडनावावरून ठरवू नकोस.

"यंदा वारं कुणाचं?" हेही विचार, पण मतानंतर, आणि वेगळं लिही. ते त्या माणसाचं मत नसतं, त्याच्या आजूबाजूचा आवाज असतो.

मुद्दे विचारताना एक काळजी घे. माणूस कारण म्हणून जे सांगतो आणि ज्यामुळे त्याचं मत हललं, ते एकच असेल असं नाही. पण एखाद्या पट्ट्यात अनोळखी घरांतून तेच कारण तपशिलासह येत असेल तर कान टवकार. २०२४ ला नाशिक-दिंडोरीच्या पट्ट्यात शेतकरी कांद्याच्या निर्यातबंदीची तारीख सांगत होते. डिसेंबर २०२३ मध्ये ती लागली आणि मे २०२४ मध्ये, मतदान पंधरवड्यावर आलं असताना उठली, तीही चाळीस टक्के शुल्क ठेवून. मराठवाड्यात आरक्षणाचा प्रश्न तसाच प्रत्येक ओट्यावर होता. तिथल्या आठ जागांपैकी महायुतीला फक्त छत्रपती संभाजीनगर मिळाली. नुसतं "महागाई" हे उत्तर मात्र सगळीकडे, सगळ्या पक्षांचे मतदार देतात, त्यातून काही हाती लागत नाही.

बेरीज करताना आधी 'मागच्या वेळी कुणाला' ही उत्तरं नमुना २० शी ताडून बघ. जिंकलेल्याला मत दिल्याचं सांगणारे नेहमीच प्रत्यक्षाहून जास्त निघतात. थोडं जास्त चालेल. पण असं सांगणारे प्रत्यक्षाच्या निम्मेच भरले असतील तर तुझी निवड तपास.

आणि मग आकड्याची मर्यादा. चारशे माणसांच्या पाहणीत, निवड अगदी निर्दोष असली तरी, पाच टक्के इकडेतिकडे होतं. तुझी माणसं वीसच ठिकाणची असल्याने सहा-सात धर. म्हणजे ४४ विरुद्ध ४१ आलं तर लिहायचं "चुरस", "आघाडीवर" नाही. मतांवरून जागा काढण्याच्या फंदात तर पडूच नकोस. २०२४ ला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याचंही अंतर नव्हतं. जागा आल्या ३० आणि १७. मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. कुठलीही पाहणी ते ४८ पकडू शकत नाही. देशभरचे मतदानोत्तर अंदाज एनडीएला साडेतीनशेच्या वर नेत होते, प्रत्यक्षात २९३ आल्या.

पाहणीची तारीख प्रत्येक तक्त्यावर टाक. जून २०२४ मध्ये लोकसभेला सतरावर थांबलेल्या महायुतीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ पैकी २३० च्या आसपास जागा घेतल्या. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये खात्यात येऊ लागले होते, आणि लोकसभेला व विधानसभेला माणूस वेगळा विचार करतो हेही होतंच. मार्चमधलं मत मेमध्ये खपवू नकोस.

राहिला कायदा. मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत जनमत चाचणीचे निकाल दूरचित्रवाणीसारख्या माध्यमांतून दाखवायला बंदी आहे, आणि मतदानोत्तर चाचण्यांना आयोग जाहीर करतो त्या संपूर्ण काळात. २०२४ ला हा काळ १९ एप्रिलच्या सकाळी ७ पासून १ जूनच्या संध्याकाळी साडेसहापर्यंत होता. भंग केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तुझ्या भागातलं मतदान संपलं म्हणून मोकळीक मिळत नाही. भरलेले कागद, नावांची यादी आणि मुलाखतीचे क्रमांक वेगवेगळ्या जागी ठेव. केंद्रनिहाय आकडे उमेदवाराचा माणूस मागायला येईल, कदाचित ओळखीतूनच येईल. द्यायचे नाहीत. छोट्या पाड्यावर वीस कागदांतून कोण कुणाचं, हे त्याला तासाभरात कळतं.

नमुना २० भरून झाला की फाईल पाठव, बेरजा मी एकदा बघतो.