वाचक विचारतात : समुपदेशक व्हायचंय, पण शिकायचं कसं?

या वेळी आलेल्या पत्रांत समुपदेशनाचं शिक्षण घेणाऱ्यांची आणि घेऊ पाहणाऱ्यांची पत्रं बरीच आहेत. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

ओळखीतले सगळे मन मोकळं करायला माझ्याकडेच येतात, म्हणून हा व्यवसाय निवडावासा वाटतो. सहा आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रापासून काही वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमापर्यंत सगळं समोर दिसतंय. निवड कशावरून करू?

लोक विश्वासाने तुमच्याकडे येतात, हे भांडवल मोलाचंच आहे. पण मैत्रीत तुम्ही बाजू घेता, स्वतःचा अनुभव सांगता, थकलात तर विषय बदलता. समुपदेशनात पन्नास मिनिटांचा वेळ सगळा समोरच्याचा असतो. तुम्हाला न आवडणारा माणूस समोर बसतो, तुमच्यावर चिडणारा बसतो, तीच गोष्ट आठव्यांदा सांगणाराही बसतो. त्या वेळी आपण नेमकं काय करतो हे स्वतःला कळत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी ऐकून दाखवून द्यावं लागतं.

म्हणून कुठल्याही संस्थेला पहिला प्रश्न हा विचारा : माझी सत्रं प्रत्यक्ष कोण ऐकणार? रेकॉर्डिंग ऐकून, किंवा निदान शब्दशः लिहिलेली सत्रं वाचून शिकवणारं कुणी नसेल, तर बाकीचा अभ्यासक्रम कितीही भरगच्च असला तरी तो समुपदेशनाची माहिती देईल, समुपदेशन शिकवणार नाही. मग पुढचं विचारा. खऱ्या क्लायंटसोबत किती तास काम करायला मिळतं? ते काम संस्था मिळवून देते, की आपण शोधायचं? किती सत्रांमागे एक तास सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी समुपदेशकाची आपल्या कामावरची देखरेख, असतं? ते एकट्याचं, की गटात, आणि गटात किती जण? आठ-दहा जणांच्या गटात महिन्यातून एकदा दीड तास सुपरव्हिजन असेल, तर तुमच्या वाट्याला नऊ ते अकरा मिनिटं येतात. तेवढ्यात एका क्लायंटची ओळखसुद्धा करून देता येत नाही.

आणखी एक काम याच्याही आधीचं. परवाना किंवा नोंदणीचे नियम देशागणिक वेगळे आहेत. तुम्हाला जिथे काम करायचं आहे तिथे कुठली नोंदणी लागते ते आधी शोधा आणि हा अभ्यासक्रम त्यासाठी धरला जातो का, याचं उत्तर लेखी घ्या. हा क्रम उलटा झाला की दोन वर्षं आणि फी दोन्ही वाया जाण्याची पाळी येते.

सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र निरुपयोगी नाही. शिक्षक, परिचारिका, स्वयंसेवक यांना त्यातून चांगलं ऐकायला शिकता येतं. मात्र त्या जोरावर क्लायंट घेऊ नका.

आमच्याकडे तिघातिघांत रोल प्ले होतात. ‘तू फार प्रश्न विचारतेस’ असं मला प्रत्येक वेळी सांगतात. प्रश्न विचारले नाहीत तर समोरचा बोलणार कसा?

तिघांचा हा सराव जुना आणि पक्का आहे : एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. पण तो फळायचा तर निरीक्षकाने ‘छान झालं’ म्हणून भागत नाही. त्याने कोण काय बोललं ते शब्दांसकट टिपायला हवं.

तुमचा प्रश्न उदाहरणाने पाहू. क्लायंट म्हणतो, ‘घरी आता काहीच सांगायचं नाही असं ठरवलंय. सांगून काय होतं?’ शिकाऊ समुपदेशकाच्या तोंडून बहुधा पुढच्यापैकी एक वाक्य येतं.

‘का नाही सांगायचं?’ या ‘का’मुळे माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो. त्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलंय आणि त्याचा खुलासा मागितला जातोय.

‘तुम्ही आईशी बोलून पाहिलंत का?’ हा प्रश्नाच्या वेषातला सल्ला आहे. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येतं, आणि पुढचा प्रश्न शोधायची जबाबदारी पुन्हा तुमच्यावर पडते. तीन-चार वेळा असं झालं की क्लायंट प्रत्येक उत्तरानंतर थांबून तुमच्या तोंडाकडे बघायला लागतो. प्रश्नांशिवाय तो बोलत नाही, असं तुम्हाला वाटतं ते यामुळेच. ती सवय त्याला आपणच लावलेली असते.

‘म्हणजे घरी काही सांगायचं नाही, असं तुम्ही ठरवलंय.’ ही पोपटपंची झाली. शब्द परत गेले, अर्थ तिथेच राहिला.

आता हे पाहा : ‘आधी कधीतरी सांगून पाहिलं असावं, आणि ते वायाच गेलं.’ इथे प्रश्न नाही, पण न बोललेल्या गोष्टीकडे एक पाऊल आहे. अंदाज चुकला तर क्लायंट ‘तसं नाही, उलट…’ म्हणून स्वतःच दुरुस्त करतो, आणि त्या दुरुस्तीत बरंच काही मिळतं. हे वाक्य म्हणताना शेवटी आवाज खाली यायला हवा. वर गेला की त्याचा पुन्हा प्रश्न होतो. कागदावर ही चूक दिसत नाही, रेकॉर्डिंगमध्येच ऐकू येते.

सराव असा करा. वीस मिनिटांचा रोल प्ले रेकॉर्ड करा आणि त्यातली मधली दहा मिनिटं शब्दशः उतरवून काढा. कागदावर तीन रकाने आखा : क्लायंट काय म्हणाला, मी काय म्हणाले, त्या क्षणी माझ्या मनात काय होतं. तिसऱ्या रकान्यात टापटीप लिहू नका. ‘घाबरले’, ‘काय बोलू सुचेना’, ‘हिला सोडवायचं होतं’ असंच लिहा. मग मधल्या रकान्यातलं प्रत्येक वाक्य प्रश्न, प्रतिसाद, सल्ला की माहिती ते ठरवा आणि मोजा. पहिल्या वेळी बहुतेक वाक्यं प्रश्न निघतील. तिसरा रकाना शेजारी ठेवून पाहिलंत तर लक्षात येईल की बरेच प्रश्न कुतूहलातून आलेले नसून घाबरण्यातून आलेले आहेत. शांतता सहन झाली नाही, म्हणून ते विचारले गेले. तुम्हाला अर्धा मिनिट वाटलेली शांतता रेकॉर्डिंगवर पाच-सहा सेकंदांची निघते, हेही ऐकून घ्या.

ही पद्धत आजची नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४०च्या सुमारास, टेपरेकॉर्डर घरोघरी नव्हते तेव्हा, सत्रं तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. १९४२ मध्ये त्यांनी एका क्लायंटची आठही सत्रं शब्दशः छापली. तोवर बंद दाराआड काय घडतं हे समुपदेशकाच्या आठवणीवरूनच कळत असे, आणि आपली आठवण आपल्याच बाजूने झुकलेली असते.

समुपदेशक होण्यासाठी स्वतः थेरपी घ्यावीच लागते का?

अभ्यासक्रमाच्या विचारसरणीवर ते अवलंबून आहे. बर्लिनमध्ये १९२० साली मनोविश्लेषणाचं, म्हणजे फ्रॉइड यांनी सुरू केलेल्या उपचारपद्धतीचं, चिकित्सालय सुरू झालं आणि तिथल्या प्रशिक्षणाला तीन पायांची घडण मिळाली : दुसऱ्या विश्लेषकाकडून स्वतःचं विश्लेषण करून घेणं, सैद्धांतिक अभ्यास आणि देखरेखीखाली केलेलं काम. मनोविश्लेषणाच्या परंपरेत स्वतःचं विश्लेषण आजही अटीत बसतं. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती, हिचं प्रशिक्षण सहसा ती अट घालत नाही. तिथे शिकलेली तंत्रं आधी स्वतःच्या एखाद्या छोट्या अडचणीवर वापरून बघायला सांगतात. विचारांची नोंद आठवडाभर रोज भरणं किती कंटाळवाणं असतं, हे ती स्वतः भरल्याशिवाय कळत नाही. आणि मग ती न भरणाऱ्या क्लायंटवर आपण ‘सहकार्य करत नाही’ असा शिक्का मारतो.

अट नसली तरी काही सत्रं जरूर घ्या, असं आम्ही सांगू. क्लायंटच्या खुर्चीत बसून आपलंच लपवलेलं बोलताना घसा का कोरडा पडतो, हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने शिकता येत नाही. फक्त एक पाहा : तुमची थेरपिस्ट आणि तुमचे गुण ठरवणारी व्यक्ती एकच नको.

सुपरव्हिजनला जाताना पोटात गोळा येतो. चुका सांगितल्या तर नापास करतील असं वाटतं, म्हणून चांगलं झालेलंच सांगतो. हे बरोबर नाही, हे कळतं. काय करू?

असं करणारे तुम्ही एकटे नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जवळजवळ सगळ्याच शिकाऊ थेरपिस्टांनी सुपरवायझरपासून काही ना काही लपवल्याचं कबूल केलं होतं. जो माणूस शिकवतो तोच मूल्यमापन करतो, त्यामुळे ही भीती खोटी नाही. पण लपवलेल्या चुकीची किंमत क्लायंट मोजतो.

सुरुवातीलाच सुपरवायझरशी करार स्पष्ट करून घ्या : मूल्यमापन कशावर होणार, कधी होणार, आणि नापास होण्याइतकी गंभीर गोष्ट कोणती. क्लायंटशी खोटं बोलणं, मर्यादा ओलांडणं, धोका कळूनही गप्प राहणं या गोष्टी गंभीर आहेत. चुकीच्या वेळी सल्ला देणं हे शिकण्याचाच भाग आहे.

मग तयारी अशी ठेवा. तासाभरात चार क्लायंट उरकू नका, एकच घ्या. क्लायंटची माहिती तीन-चार वाक्यांत सांगा. एक नेमका प्रश्न लिहून न्या, जसा ‘ही रडायला लागली की मी विषय का बदलतो?’ आणि रेकॉर्डिंगमधली पाच मिनिटं न्या. ती निवडताना ‘हे ऐकवायला नको’ असं जिथे वाटलं, तोच तुकडा घ्या. रेकॉर्डिंगसाठी क्लायंटची लेखी संमती हवीच. ते कोण ऐकणार, कुठे ठेवणार आणि केव्हा पुसणार, हे त्या कागदावर असलं पाहिजे. नको म्हणायची मुभा क्लायंटला खरोखर असली पाहिजे.

सुपरव्हिजनमध्ये स्वतःच्या आयुष्यातलं काही वर आलं, तर ते क्लायंटशी कुठे जोडलं जातं तेवढंच तिथे पाहायचं. बाकीचं स्वतःच्या थेरपीत न्यायचं.

पुढच्या महिन्यात पहिला क्लायंट मिळणार आहे. त्याने आत्महत्येबद्दल बोललं तर? विचार करूनच हात थरथरतात.

या प्रसंगाची तयारी पहिल्या सत्राच्या आधी आणि पहिल्या दहा मिनिटांत होते. आधीची तयारी म्हणजे तुमच्या केंद्राची लेखी पद्धत, सुपरवायझरचा फोन नंबर, ते नसतील तर दुसरा कुणाचा, आणि जवळची तातडीची वैद्यकीय सेवा. हे सगळं एका कागदावर लिहून जवळ ठेवा. पहिल्या दहा मिनिटांत गोपनीयता समजावून सांगताना तिच्या मर्यादाही साध्या शब्दांत सांगा : ‘तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला इतरांची मदत घ्यावी लागेल. शक्य असेल तर ते आधी तुमच्याशी बोलूनच करेन.’ हे आधी न सांगता नंतर कुणाला कळवलं, तर क्लायंटला तो विश्वासघात वाटतो आणि तो पुन्हा कुणाहीकडे जायला कचरतो.

विषय निघाला, किंवा ‘आता कशालाच अर्थ नाही’ असं काही ऐकू आलं, तर सरळ विचारा : ‘आत्महत्येचे विचार येतात का?’ शब्द उच्चारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. उलट ‘तसलं काही मनात नाही ना?’ असं विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर हवंय, हे समोरच्याला कळतं. ‘हो’ आलं तर घाईने समजूत घालू नका. विचार किती वेळा येतात, काही ठरवलंय का, कसं आणि केव्हा, ते साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झालाय का, आणि आजवर कशाने थांबवलं, हे एकेक करून विचारा. शेवटचा प्रश्न गाळू नका. योजना, साधन आणि वेळ तिन्ही ठरलेलं असेल तर त्याला एकटं सोडू नका. खोलीतूनच सुपरवायझरला फोन करा आणि तातडीची मदत मिळवा.

धोका तितका तातडीचा नसेल, तर सुपरवायझरशी बोलून, तुम्ही आणि क्लायंट दोघांनी मिळून सुरक्षा आराखडा लिहा. अमेरिकेतल्या बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेला आराखडा सहा पायऱ्यांचा आहे : संकट जवळ आल्याची स्वतःला जाणवणारी चिन्हं, एकट्याने करता येण्यासारख्या गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, व्यावसायिक मदतीचे नंबर, आणि घातक साधनं दूर ठेवण्याची व्यवस्था. तो क्लायंटच्या शब्दांत लिहायचा. ‘फिरायला जाणे’ असं लिहून काही होत नाही, कुठल्या रस्त्याने आणि कुणाबरोबर ते हवं. ‘मी जिवाचं बरंवाईट करणार नाही’ अशी सही घेण्याची प्रथा कुठेकुठे अजून दिसते. तिच्यामुळे माणूस वाचतो असा पुरावा नाही, आणि सही केल्यावर खरं सांगायला तो आणखी घाबरू शकतो.

त्याच दिवशी नोंद लिहा : क्लायंट काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, तुम्ही काय विचारलंत, काय ठरलं, कुणाला किती वाजता कळवलं. पुढची वेळ एका आठवड्याच्या आतली द्या. आणि ती वेळ चुकली तर कोण फोन करणार, हे त्याच्याशी तिथेच ठरवून घ्या.