जळगावात तरुण पोरं आणि पोलीस यांच्यातले खटके कमी कसे करता येतील?

मॅच भरवायची तर जरूर भरवा, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. तुम्ही लिहिलंय की मेहरूण भागात तुमचं मंडळ आहे, पोरांचं आणि पोलिसांचं सारखं कशावरून तरी वाजतं, म्हणून पोलीस विरुद्ध युवक असा क्रिकेट सामना घ्यायचा विचार चाललाय. असे सामने मी पाहिलेत. पोलिसांकडून उतरतात ते खेळाडू गडी, आणि आपल्याकडून उतरतात ती कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली पोरं. रात्री नाकाबंदीला जो उभा असतो आणि ट्रिपल सीट जो येतो, ते दोघंही पेपरातल्या फोटोत नसतात.

मी इथे पोलीस भरतीच्या पोरांसाठी अभ्यासिका चालवतो, म्हणून दोन्हीकडचं कानावर येतं. आपल्याकडे पहाटे गावाबाहेरच्या कुठल्याही रस्त्याला जा, 1600 मीटरचा सराव करणारी पोरं दिसतील. शिपाई भरती जिल्हावार होते, त्यामुळे आज ज्याची गाडी अडवली जाते, तोच नशीब असलं तर दोन-तीन वर्षांनी इथेच गाड्या अडवत उभा असतो. आणि तोही पहिलं काम तेच करतो ज्याचा त्याला स्वतःला राग यायचा. हात पुढे करून गाडीची चावी काढून घेतो.

माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याला मी यावरून टोकलं होतं. तो म्हणाला, “सर, चावी नाही काढली तर पळतो. पळताना पडला, हातपाय मोडले, तर लोक मला धरतात आणि साहेब पण मलाच विचारतात.” आता पोराला विचारा, तू का पळतोस? तर लायसन्स घरी राहिलेलं, गाडी काकाची, आणि खिशात दंडाचे पैसे नाहीत. चोर-बीर कुणी नसतो हो. पण एक पळणार म्हणून दुसरा चावी काढतो, चावी काढली म्हणून पहिला तडकतो, तिसरा मागे बसून मोबाईल काढून व्हिडिओ सुरू करतो, आणि मग “काय भो, लई शहाणा का?” इथून पुढचं तुम्हाला माहीत आहे.

यातला अर्धा भाग मंडळाला एका रविवारी संपवता येतो. सगळ्यांच्या मोबाईलवर डिजिलॉकर हे सरकारी अ‍ॅप टाकून द्या. त्यातलं लायसन्स आणि आरसी मूळ कागदासारखंच चालतं, 2018 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांतच तसा बदल केलाय. 18 च्या आतल्या पोरांना मात्र गाडी देऊच नका. तिथे बापावर केस होते आणि दंड 25,000 चा आहे.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. “केस टाकीन, मग भरती विसर.” ही धमकी काठीपेक्षा जास्त लागते, कारण इथल्या पोराच्या घरात तेवढं एकच स्वप्न असतं. पोरांना वाटतं ई-चलन फाटलं तरी चारित्र्य पडताळणीत नाव येणार. तसं नसतं. चलन वेगळं, किरकोळ तक्रारीची अदखलपात्र नोंद वेगळी आणि एफआयआर, म्हणजे दाखल झालेला गुन्हा, वेगळा. खरंच गुन्हा दाखल असेल तर नोकरीवेळी भरायच्या साक्षांकन फॉर्ममध्ये तो लपवू नका, लपवलं की जास्त अडकतं. अवतार सिंग खटल्यात 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच बघितलं. किरकोळ प्रकरणात नेमणूक देणाऱ्याला सवलतीने विचार करता येतो असंही त्यात आहे. तुमच्या ओळखीचा एखादा वकील बोलावून हे तासभर समजावून सांगा. आणि पोलिसांना भेटाल तेव्हा हेही स्पष्ट बोला की किरकोळ कारणावरून ही धमकी देणं थांबवा. हे ऐकवायला जरा धीर लागतो, पण चांगले अधिकारी ऐकून घेतात.

गणपतीचं तर विचारूच नका. शांतता समितीच्या बैठकीत पहिल्या रांगेत कोण बसतं? कडक इस्त्रीतले आजी-माजी नगरसेवक आणि तेच ते ठरलेले आप्पा-नाना. रात्री 10 ला स्पीकर बंद, ठरावीक दिवशीच 12 पर्यंत सूट, हे त्यांना पाठ असतं. डीजेच्या गाडीवर उभ्या असलेल्या पोराला ते बारा वाजता, बाहेरगावाहून बंदोबस्ताला आलेल्या आणि दिवसभर उभं राहून पाय सुजलेल्या शिपायाकडून कळतं. दोघंही एकमेकांना ओळखत नाहीत.

ओळख असणं ही छोटी गोष्ट नाही. भिवंडीत 1984 ला दंगल झाली होती. पुढे सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला समित्या झाल्या, पोलीस आणि वस्तीतली माणसं नेमाने एकत्र बसू लागली, आणि 1992-93 ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आपल्या शेजारी धुळ्यात 6 जानेवारी 2013 ला काय झालं ते आठवा. पोलीस गोळीबारात सहा जण गेले. भांडणाची सुरुवात हॉटेलच्या बिलावरून झाली होती म्हणतात. तेवढ्यावर थांबवणारं, दोन्हीकडे शब्द चालणारं कुणी तिथे नव्हतं.

अल्पवयीन पोराला उचललं असेल तर आधी नगरसेवकाला फोन लावू नका. 18 च्या आतल्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याचंच नाव विचारा. फोन करून सोडवलेला पोरगा पुढच्या वेळी फोनच्या जोरावर बोलतो, आणि पोलिसाच्या डोक्यात तो बसतो.

आता करायचं काय ते सांगतो. गणपती-नवरात्र झाल्यावर, बंदोबस्त नसलेल्या आठवड्यात ठाण्यात जा. 2 जानेवारीला पोलीस स्थापना दिन असतो, त्या आठवड्यात शाळेची पोरं शस्त्रं बघायला जातात, तेव्हाही जाता येईल. शाल-श्रीफळ नेऊ नका. पीआय (पोलीस निरीक्षक) साहेबांना वेळ नसेल तर अडून बसू नका, ठाणे अंमलदाराकडून तुमच्या बीटच्या, म्हणजे तुमचा भाग ज्याच्याकडे आहे त्या हवालदाराचं नाव घ्या आणि त्यालाच गाठा. मंडळाच्या अध्यक्षाला घरी ठेवा. डीजेच्या गाडीवर जो उभा असतो, आणि ज्याच्या बुलेटचा सायलेन्सर दोनदा जप्त झालाय, त्या दोघांना सोबत न्या.